बसते, पण पेलते काय?

देवरामभाऊंना एखादी गोष्ट पसंत आहे की नाही, हे त्यांच्या तोंडावरून कधीच कळत नसे. ते फक्त एक प्रश्न विचारायचे. "बसते म्हंता ना? बसू द्या. पन पेलते काय?"

हा प्रश्न मूळचा कॉम्प्युटरचा. पण भाऊंनी तो काय कॉम्प्युटरपुरता ठेवला, बाप्पा! ऑटोत आठवा माणूस शिरला की हाच प्रश्न. भाचीला स्थळ आलं, पत्रिका जुळली, छत्तीसातले तीस गुण निघाले. सगळे पेढे खात होते आणि भाऊ कोपऱ्यातून म्हणाले, "मुलगा बसते. त्याची माय पेलते काय, ते कोनी पायलं?" बहिणीने पेढ्याचा डबा त्यांच्यापुढून उचलून नेला. पुढे ती सासू खरोखर भारी निघाली, आणि बहीण वर्षभर भावाशी बोलली नाही. खरं बोललेलं कोणाला आवडतं?

भंडाऱ्यात कोष्टी मोहल्ल्यात त्यांचं घर. गोंदिया वेगळा होऊन जिल्ह्याचे दोन झाले, त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्यांनी दुकान टाकलं. त्याआधी वरठीच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे वायरिंगचं काम करायचे, सायकलने जायचे-यायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्या खोलीत त्यांच्या वडिलांचा माग होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. विणकर काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो, तसला. वडील गेले, माग विकला, खड्डा राहिला. दुसरा कोणी असता तर त्याने तो बुजवून वर टाईल्स बसवल्या असत्या. भाऊंनी खड्ड्यावर आडवी फळी टाकली, फळीवर मदरबोर्ड मांडला, आणि बापाच्याच जागी बसून, पाय खड्ड्यात सोडून कॉम्प्युटर जोडायला लागले. नवीन गिऱ्हाईक दारात आलं की बिचकायचं. अर्धा माणूस जमिनीत आणि अर्धा वर!

त्या खड्ड्याची एक रीत होती. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून त्यांचे वडील रोज सकाळी खड्ड्याच्या भिंतींवर पाणी शिंपडायचे. भाऊंनीही ते सोडलं नाही. आंघोळ झाली की तांब्या घेऊन खड्ड्यात चार ओंजळी शिंपडणार. मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊ, आता सूत कुठं आहे? विजेच्या वस्तूंजवळ पाणी शिंपडता, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"सूत नाही, मंग मी तर आहो ना," ते म्हणाले. "आन बुढ्यानं चाळीस वर्सं शिपडलं. माह्यापासून बंद काहून होऊ?"

मे महिन्यात भंडारा भट्टीसारखा तापायचा, तेव्हा त्या खोलीत शिरलं की पायाखाली गार ओल लागायची. मी कितीदा तर नुसता बसायलाच जायचो.

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. त्यामुळे कॉम्प्युटर हा माझा बैल, आणि भाऊ त्याचे वैद्य. पण त्यांच्याकडून काही विकत घेणं म्हणजे परीक्षा देणं. एकदा माझ्यासमोर एक निवृत्त साहेब आले, सगळ्यात महागडी मशीन पाहिजे म्हणाले. भाऊंनी विचारलं, करता काय तिच्यावर? साहेब म्हणाले, पत्रिका बनवतो आणि नातवाशी बोलतो. भाऊंनी त्यांना खाली बसवलं, चहा पाजला, त्यांचीच जुनी मशीन उघडून धूळ काढली, एक पार्ट बदलला आणि परत पाठवलं. साहेब गेल्यावर मी म्हटलं, "घरी चालून आलेली लक्ष्मी हाकलली की हो तुम्ही."

"मानूस सायकलवर फिरते, त्याले ट्रक कायले विकू?"

आणि त्यांचा मोठा सिद्धांत होता वाढप्यांचा. तो त्यांनी मला शिकवला तेव्हा मला स्वतःलाच गरज पडली होती. लग्नात आता लोकांना लाइव्ह पाहिजे झालं होतं. तीन कॅमेरे, त्यांची चित्रं तिथल्या तिथे एकत्र करायची आणि पडद्यावर टाकायची. त्याला दणकट मशीन लागते. माझी जुनी मशीन दणकट होती, पण पेटीएवढी मोठी. माझा कॅमेरामन मोटारसायकलवर मागे ती मांडीवर घेऊन बसायचा, बाजारात बकरू न्यावं तसा. अड्याळच्या वळणावर एकदा बकरू, कॅमेरामन आणि मी, तिघेही नालीत. तेव्हा मी ठरवलं, आता मशीन लहान पाहिजे. पिशवीत मावेल एवढी लहान, आणि ताकद मात्र तेवढीच.

"लहान बोर्ड म्हंजे वीतभर लांब, वीतभर रुंद," भाऊ म्हणाले. "आन प्रोसेसर तुले पाह्यजे पैलवान. सव्वाशे वॅट खानारा."

"बसत नाही का?"

"बसते ना. सॉकेट तेच आहे, कंपनीच्या यादीत नाव बी आहे. पन हे पाय." त्यांनी फळीवरच्या एका बोर्डावर प्रोसेसरच्या घराशेजारी रांगेने बसलेले काळे चौकोनी तुकडे दाखवले. "हे वाढपे. प्रोसेसरले करंट हेच वाढतात. पंगतीत पैलवान बसवला आन वाढपे दोनच ठेवले, तं काय होईन?"

"पैलवान उपाशी राहील."

"पैलवान नाही मरत गा. धावू धावू वाढपे मरतात. तापतात, आन मंग हात वर करतात. मशीन बंद." मग त्यांनी आपलं आवडतं वाक्य टाकलं, "आन कंपनीच्या यादीवर तं भरवसाच ठेवू नोको. ते थंड्या खोलीत बसून लिहितात. त्यायले काय मालूम, आपल्या इथं मे महिना कसा असते!"

नागपूरला दोन लहान बोर्ड दिसत होते. एकावर आठ वाढपे, डोक्यावर धातूची जाड टोपी घातलेले, म्हणजे उष्णता टोपीत जाणार. पण तो यायला तीन आठवडे. दुसऱ्यावर चारच वाढपे, उघड्या डोक्याचे, आणि तो उद्याच मिळणार होता. भाऊ म्हणाले, थांब. मी म्हटलं, थांबता येत नाही.

कारण मी दिघोरीला शब्द देऊन बसलो होतो. तिथले तुळशीरामजी धानाचे शेतकरी, धानाचा व्यापारही करायचे. आवाज असा की बांधावरून हाक मारली तर तळ्यापलीकडचा माणूस वळून पाहायचा. त्यांना वर्षभरापूर्वी अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं. आता मोठ्या मुलीचं, मनीषाचं लग्न होतं, आणि बाप म्हणत होता, मी मंडपात येत नाही. वाकडं तोंड घेऊन सोयऱ्यांपुढे बसत नाही. मनीषाने रडून पाहिलं, मामांनी समजावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी ती माझ्याकडे आली. "दादा, मंडपापासून आमचं घर चार घरं सोडून आहे. तार टाकता येते का? बाबा घरी बसून पाहतील. मंगलाष्टकं चालू असताना, त्याच वेळेस. मागून व्हिडिओ नको मला."

मी हो म्हटलं. लग्न आठ दिवसांवर होतं.

भाऊंनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मंगवतो उघड्या डोक्याचा. पन दोन दिवस ठोकून पायतो. पेलला तं देतो."

आणि खरंच त्यांनी दोन दिवस त्या मशीनला पळवलं. पूर्ण लोड टाकून फळीवर ठेवली, समोर स्वतः बसले. तासातासाला तळहात वाढप्यांच्या वर बोटभर अंतरावर धरायचे आणि मनात वीस मोजायचे. वीस होईपर्यंत हात मागे घ्यावासा वाटला नाही, म्हणजे पास. मशीन दोन्ही दिवस पास झाली. मीच नाचलो. भाऊ म्हणाले, "पेलते बाप्पा. मले वाटलं नोहतं."

नवीन मशीन पहिल्यांदा कामाला निघाली की ते स्वतः सोबत जायचे. "नवरीसंगं करवली जाते ना, तसा मी." तसे ते दिघोरीलाही आले, पांढरा सदरा, गळ्यात उपरणं, खिशात टेस्टर.

दिघोरीत त्या दिवशी ऊन असं होतं की कुत्री कणग्यांखालून बाहेर निघेनात. मशीन स्टेजच्या खाली, कापडाच्या आड ठेवली. तार चार घरं ओलांडून तुळशीरामजींच्या खाटेसमोरच्या टीव्हीत गेली. वरात दारात आली, मी चित्र सुरू केलं, मनीषाची काकू घरून धावत सांगत आली, "दिसून राहिलं, भावजींले दिसून राहिलं!" आणि दहा मिनिटांत मशीन बंद पडली.

पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद.

भाऊ स्टेजखाली घुसले, झाकण काढलं, आणि तळहात धरला. चार मोजण्याआधीच त्यांनी हात झटकला. मला वाटलं, आता मला शिव्या बसणार. घाई माझीच होती ना. पण ते माझ्याकडे पाहतही नव्हते. ते त्या वीतभर बोर्डाकडे पाहत होते, आणि त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"खड्डा," ते म्हणाले.

"काय?"

"मी याले खड्ड्यावर ठेवून पायलं सतीश. पानी शिपडलेल्या खड्ड्यावर. खालून गार लागत होतं, म्हनून पेलत होता तो." त्यांनी कपाळावर हात मारला. "कंपनीवाल्यायले नावं ठेवतो, आन मी बी थंड्या खोलीतलाच निघालो."

वर नवरी बोहल्यावर येत होती. हिरव्या शालूत, डोळे खाली, पण चालता चालता तिने स्टेजखाली आमच्याकडे पाहिलं. वाकून हळूच विचारलं, "दादा, बाबांना दिसते ना?" माझ्याआधी भाऊच बोलले, "बाई, चूक माही झाली. पन तू उभी राह्य. दिसन त्यायले."

प्रोसेसरचा खुराक त्यांनी सेटिंगमधून अर्धा केला, मी एक कॅमेरा बंद केला. तरी ते काळे तुकडे तापतच होते. मंडपातले कूलर पाणी उडवत होते, ते उघड्या बोर्डाजवळ आणता येत नव्हते. मी म्हटलं, घरून टेबलफॅन आणा. काकू म्हणाली, एकच आहे, भावजींच्या खाटेजवळ लावला आहे. भाऊ ताडकन म्हणाले, "तो हालवू नोका!" भटजींनी अंतरपाट धरला. भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. स्टेजच्या कडेला लग्नविधीचं सूप होतं, त्यात तांदूळ. त्यांनी तांदूळ काढून आपल्या उपरण्यात ओतले, सूप दोन्ही हातांत घेतलं, गुडघ्यावर बसले आणि वारा घालायला लागले.

आता मंगलाष्टकं किती असावीत? भटजींची पाच झाली. मग नवरदेवाच्या आत्याला स्वतः रचलेलं म्हणायचं होतं. बाप रे, काय ते मंगलाष्टक! त्यात दोन्ही घराण्यांची सगळी नावं, वंशावळीसकट. प्रत्येक ओळीला सूर वेगळा. एरवी मी हसून लोळलो असतो. तेव्हा मी मनात तिच्या पाया पडत होतो, आत्या, संपव आता. खाली भाऊंचा सदरा अंगाला चिकटला होता, घाम हनुवटीवरून ठिबकत होता, तो बोर्डावर पडू नये म्हणून ते मान एका बाजूला वळवून वारा घालत होते. एका लयीत. हात थांबला की मशीन थांबणार, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, द्या माझ्याकडे. "तू चित्र सांभाळ," एवढंच म्हणाले.

शुभमंगल सावधान झालं. अक्षता उडाल्या. वाजंत्री वाजली. मशीन चालू होती.

थोड्या वेळाने काकू आली. धापा टाकत होती आणि पदराने डोळे पुसत होती. "भावजींनी डाव्या हातात अक्षता मांगून घेतल्या. आन सावधान म्हटल्याबरोबर टीव्हीवर टाकल्या. मनीषाच्या डोक्यावर. चित्रातल्या." भाऊ स्टेजखाली तसेच बसून होते, सूप मांडीवर.

पंगत बसली. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "जेव तू. वाढपे शेवटी जेवतात." मला कळलं की ते स्वतःला शिक्षा करून घेत होते. पण निरोप आला, तुळशीरामजी बोलावतात, वारा घालणाऱ्याला. गेलो आम्ही. खाटेसमोर पाट मांडला होता, ताट ठेवलं होतं. टीव्हीच्या काचेखाली पिवळे तांदूळ पडलेले होते, ते कोणी उचलले नव्हते. तुळशीरामजींनी खूण केली, भाताचं भांडं जवळ आणवलं, आणि डाव्या हाताने स्वतः वाढायला लागले. चमचा हलत होता. अर्धा भात ताटात, अर्धा खाली जमिनीवर. घरातली एक बाई पुढे झाली, पाया पडायला आलेल्या मनीषाने तिला हात धरून मागे ओढलं. आपल्याच शेतातला भात, आपल्याच हाताने. ते वाकड्या तोंडाने काहीतरी बोलले. काकूने सांगितलं, पुरे का म्हणतात.

भाऊंनी खाली सांडलेली शितं वेचून ताटात घेतली. "पेलते जी," ते म्हणाले. "आनखी वाढा."

त्या दिवशी ते पोटाला तडस लागेस्तोवर जेवले.

भंडाऱ्याला आल्यावर त्यांनी तो बोर्ड परत घेतला, टोपीवाला मागवला, आणि माझ्याकडून किमतीतला फरक घेतला नाही. मी भांडलो तर म्हणाले, "चुकीचे बी पैसे घेऊ काय तुह्यापासून?" खड्ड्यात पाणी शिंपडणं त्यांनी बंद केलं नाही. पण त्यानंतर एकही मशीन खड्ड्यावरून थेट गिऱ्हाइकाकडे गेली नाही. आधी ती घराच्या टिनाच्या छपराखाली माळ्यावर चढायची, भर दुपारी, आणि तिथे चार तास पळायची. मोहल्ल्यात चेष्टा व्हायची की देवराम मशिनी भाजते. त्या माळ्यावर कोपऱ्यात एक सूप टांगलेलं असायचं. मनीषा माहेरी पहिल्यांदा आली तेव्हा तिने पाठवलं होतं, पायलीभर तांदळासह. तांदूळ खाल्ले, सूप ठेवलं.

मी त्यांना काम करताना शेवटचं पाहिलं ते त्याच माळ्यावर. मे महिना होता. कौशल्यावहिनी, त्यांची बायको, खाली माझ्यापाशी वैतागल्या होत्या. "तुमीच सांगा भाऊजी. डाक्टरनं सांगतलं, छातीचं दुखनं आहे, उनात बसू नोका. मशीन बसू द्या ना वर, यायले कायले बसाले लागते?" मी शिडीने वर गेलो. टिनाखाली श्वास घेता येत नव्हता. भाऊ मशीनजवळ मांडी घालून बसले होते, उघडे, अंगावर नुसता पंचा. वाळले होते बरेच. मी म्हटलं, "चला खाली. मशीन काही पळून जात नाही. तासाने येऊन पाहा."

"गारव्यात बसून दुसऱ्याचं ऊन मोजता येत नाही गा," ते म्हणाले. "एक डाव मोजलं ना, फसलो."

खालून वहिनींनी हाक मारली, ताट वाढलं, या आता. त्यांनी तळहात बोर्डावर बोटभर अंतरावर धरला होता, ओठ हलत होते. बारा, तेरा, चौदा. "तू जेवून घे," मोजता मोजता मला म्हणाले. "वाढपे शेवटी जेवतात." मी शिडी उतरताना वळून पाहिलं, हात अजून तसाच होता.

पुढचा मे त्यांनी पाहिला नाही. तेरवीला मोहल्ला लोटला होता. दिघोरीची मनीषा आली होती, नवरा आणि लेकरू घेऊन. मी कॅमेरा घरी ठेवून गेलो, वरणाची बादली उचलली आणि पहिल्या पंगतीपासून वाढायला लागलो. कोणीतरी मला दोनदा हाताला धरून बसवायला पाहिलं. सगळे उठले, पत्रावळी उचलून झाल्या, ऊन उतरलं, तेव्हा मी त्या खड्ड्याच्या काठावर, पाय खाली सोडून बसलो. वहिनींनी माझ्यापुढे ताट ठेवलं. मी शेवटी जेवलो.